गुप्तरोगाचं निदान झालं, आता घरी सांगायचं कसं? जोडीदाराची तपासणी, उपचार आणि कायदा

पुणे : लघवीला जळजळ होते, पू येतो म्हणून माणूस दवाखान्यात जातो. गोळ्या मिळतात, चार दिवसांत आराम पडतो. दीड महिन्याने पुन्हा तीच तक्रार. मग तो डॉक्टर बदलतो, पुढे मेडिकलवाल्याला विचारून 'जरा पावरफुल' गोळी घेतो आणि तरी फरक पडला नाही की एसटी स्टँडच्या भिंतीवर रंगवलेल्या नंबरला फोन लावतो. औषध मात्र पहिल्याच वेळी बरोबर होतं. राहिलं होतं ते एवढंच, की त्याच्या बायकोला कुणी तपासलं नाही. तिला काही त्रास नव्हता आणि त्याने घरी काही सांगितलं नव्हतं.

लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आजारात एकट्याने घेतलेलं औषध अर्धंच काम करतं. आजार जोडीदाराच्या अंगात तसाच असतो आणि पुढच्या संबंधात परत येतो. म्हणून जोडीदाराला कळवणं, त्याची तपासणी आणि त्याचं औषध, हे सगळं उपचारातच धरलेलं आहे. डॉक्टर याला 'पार्टनर नोटिफिकेशन' म्हणतात. सरकारी दवाखान्यात समुपदेशक साध्या भाषेत सांगतात, 'पुढच्या वेळी जोडीने या.' ऐकायला सोपं आहे. पण जुन्नर-आंबेगावपासून इंदापूर-दौंडपर्यंत कुठल्याही गावात हे वाक्य घरी नेऊन बोलणं हीच या आजारातली सगळ्यात अवघड गोष्ट असते. परमा, गरमी, गुप्तरोग ही नावंच अशी आहेत की तोंडातून काढताना माणूस आधी आजूबाजूला बघतो.

पुण्यातल्या क्लिनिकमध्ये काय दिसलं होतं

न सांगण्याची किंमत कोण मोजतं, याचं उत्तर शोधायला पुणे जिल्ह्याला बाहेर जावं लागत नाही. भोसरीत १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था म्हणजे 'नारी' सुरू झाली. अलीकडे या संस्थेचं नाव बदललं आहे. तिथल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाबरोबर पुण्यातल्या दोन गुप्तरोग क्लिनिकमध्ये मे १९९३ ते जुलै १९९६ या काळात आलेल्या ९१६ महिलांची तपासणी केली. त्यातल्या ५२५ देहविक्री करणाऱ्या होत्या आणि ३९१ नव्हत्या. पहिल्या गटात ४९.९ टक्के महिलांना एचआयव्हीची लागण निघाली. याचं त्या काळात कुणाला फार आश्चर्य वाटलं नसतं. खरा धक्का दुसऱ्या गटाचा होता. देहविक्रीशी काही संबंध नसलेल्या या महिलांमध्ये, ज्यांतल्या बहुतेक घरसंसार करणाऱ्या होत्या, १३.६ टक्क्यांना लागण होती. त्यांच्या बाबतीत ठळकपणे पुढे आलेली जोखीम म्हणजे गुप्तरोग झालेल्या जोडीदाराशी आलेला संबंध.

डिसेंबर १९९७ मध्ये हा अभ्यास अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला. पहिलं नाव होतं डॉ. रमण गंगाखेडकर यांचं. कोरोनाच्या पहिल्या लाटेत आयसीएमआरच्या पत्रकार परिषदांमध्ये जे रोज टीव्हीवर दिसायचे, तेच हे. १३.६ टक्के हा आकडा पुण्यातल्या सगळ्या बायकांचा नाही, हे लक्षात ठेवायला हवं. या महिला आधीच काहीतरी त्रास होतोय म्हणून क्लिनिकला आलेल्या होत्या. तरीही त्यातून एक गोष्ट उघड झाली. लग्नाच्या नवऱ्याशिवाय कुणाशीही संबंध न आलेल्या बाईला 'मला काय धोका' असं वाटत होतं आणि धोका घरातच होता. नवऱ्याला परमा किंवा गरमी झाली तेव्हा डॉक्टरने, समुपदेशकाने किंवा नवऱ्याने तिला बोलावून तपासलं असतं, तर त्यातल्या कित्येक जणी वेळेत सावध झाल्या असत्या.

तेव्हा एचआयव्हीवर आजच्यासारखे उपचार हाताशी नव्हते. आज आहेत, आणि सांगण्याचा फायदाही त्यामुळे वाढला आहे. ज्या मोठ्या अभ्यासाने हे सिद्ध केलं, त्यातही पुण्याचा वाटा होता. 'एचपीटीएन ०५२' नावाच्या या अभ्यासात ९ देशांतली १,७६३ जोडपी होती. प्रत्येक जोडप्यात एकाला एचआयव्ही, दुसऱ्याला नाही. भारतातल्या केंद्रांमध्ये चेन्नईबरोबर पुण्याची 'नारी' होती. २०११ मध्ये निष्कर्ष आला, की लागण झालेल्या जोडीदाराला लवकर औषध सुरू केलं तर दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी होते. औषध नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका खाली राहिला, तर संबंधातून तो पुढे जात नाही, हे आता जगभर मान्य आहे. नवरा-बायको दोघं एआरटी केंद्रात बसून हे एकत्र ऐकतात तेव्हा पुढचा संसार वाचण्याची शक्यता नक्कीच जास्त असते.

'कुणी आणलं?' याचं उत्तर रिपोर्टमध्ये नसतं

घरी सांगायची भीती वाटते ती बहुतेक वेळा आजारामुळे नसते. 'हे आलं कुठून?' या पुढच्या प्रश्नामुळे असते. म्हणून रिपोर्ट काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे आधी नीट समजून घ्यायला हवं.

रक्ताचा किंवा स्त्रावाचा रिपोर्ट आजार आहे एवढंच सांगतो. तो कधी झाला, कुणाकडून आला, हे त्यावरून ठरवता येत नाही. ज्याला आधी त्रास झाला त्याच्याकडून आजार आला, असंही नाही. क्लॅमिडियात बहुतेक बायकांना काही जाणवतच नाही. परम्यात पुरुषाला दोन ते पाच दिवसांत जळजळ सुरू होते, पण बाईला महिनोन्महिने पत्ता लागत नाही. गरमी म्हणजे सिफिलीस, त्याची पहिली जखम दुखत नाही आणि औषध न घेताही भरून जाते. मग आजार अंगात वर्षानुवर्षं मुकाट बसून राहतो. नागीण प्रकारातली गुप्तांगावरची हर्पीस किंवा चामखिळीसारखे कोंब येणारा एचपीव्ही, हे लग्नाआधीच्या एखाद्या संबंधातले असू शकतात आणि लग्नानंतर कित्येक वर्षांनी पहिल्यांदा वर येऊ शकतात. एचआयव्हीतही आठ-दहा वर्षं माणूस धडधाकट दिसतो.

आणि एक गोष्ट घराघरात अन्याय करते. कुटुंबात पहिली तपासणी बहुतेक वेळा बाईची होते, कारण गरोदरपणात एचआयव्ही आणि सिफिलीसची चाचणी सगळ्यांचीच करतात. नवऱ्याची तशी कुठलीच ठरलेली तपासणी नसते. त्यामुळे पहिला रिपोर्ट तिचा येतो, बोट तिच्याकडे जातं आणि काही वेळा तिला माहेरी पाठवलं जातं. ज्याच्याकडून आलं तो तपासणीलाही गेलेला नसतो. आशाताई आणि नर्सबाईंनी सासरच्या लोकांना पहिल्याच भेटीत हे सांगितलं पाहिजे, की पहिला रिपोर्ट म्हणजे पहिला आजारी असं नसतं. रिपोर्ट काय आला हे मात्र त्या बाईच्या परवानगीशिवाय सासूलाही सांगायचं नसतं.

काही वेळा तर आजारच नसतो. सिफिलीससाठी केलेली व्हीडीआरएल चाचणी गरोदरपणात, मलेरियात किंवा सांधे-त्वचेच्या काही आजारांत खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून टीपीएचए नावाची दुसरी चाचणी करून खात्री करतात. टीपीएचए मात्र पूर्वी बरा झालेल्या माणसातही बहुधा आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते. दोन्ही रिपोर्ट एकत्र ठेवून डॉक्टरच सांगू शकतात. एकाच चिठ्ठीवरून घरात भांडण सुरू करू नये.

अंगावरून पांढरं जाणं, ज्याला बायका धुपणी म्हणतात, त्याबद्दल सर्वात जास्त गैरसमज आहेत. थोडं पांढरं जाणं नैसर्गिक असतं. दह्यासारखं जाड पाणी आणि खाज हा बुरशीचा त्रास असतो आणि तो मधुमेहात, गरोदरपणात किंवा अँटिबायोटिक घेतल्यावरही होतो. जंतूंचं संतुलन बिघडूनही वास येणारं पाणी जातं. या दोन्ही तक्रारींना गुप्तरोग म्हणत नाहीत आणि त्यावरून नवऱ्यावर किंवा बायकोवर संशय घेण्याचं काही कारण नाही. फेसाळ, हिरवट पाणी जाणारा ट्रायकोमोनास मात्र संबंधातून येतो. तिथे दोघांनी औषध घ्यावं लागतं. घरबसल्या ओळखता येईल असा हा फरक नाही, तपासूनच कळतो.

कुणाला कळवायचं, किती मागे जायचं

परमा आणि क्लॅमिडियात त्रास सुरू होण्याआधीच्या साधारण ६० दिवसांत ज्यांच्याशी संबंध आला, त्या सगळ्यांना कळवायचं. त्या काळात कुणीच नसेल तर शेवटचा जोडीदार, तो कितीही जुना असो. सिफिलीसमध्ये टप्पा बघून मागे जातात. जखम असेल तर तीन महिने आणि जखम असलेला काळ, अंगावर पुरळ असेल तर सहा महिने, काहीच दिसत नसून गेल्या वर्षभरातला आजार असेल तर वर्षभर. त्याहून जुना असेल तर नवरा किंवा बायको, आणि आईला आजार असेल तर मुलंही तपासतात. एचआयव्हीत शेवटच्या निगेटिव्ह चाचणीपासूनचे जोडीदार धरतात. ती कधी केलीच नसेल तर नवरा-बायको दोघं आणि लहान मुलं. हिपॅटायटिस बीमध्ये घरच्यांची तपासणी करून ज्यांना लागण नाही त्यांना लस देतात. मोठ्या माणसाला तिचे तीन डोस असतात, पहिला घेतल्यावर एक महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा.

हर्पीस आणि एचपीव्हीत मागचे जोडीदार शोधत बसण्यात फारसा अर्थ नसतो. आताच्या जोडीदाराला माहिती असणं महत्त्वाचं. एचपीव्हीच्या बाबतीत बायकोने गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करून घ्यावी, कारण तिथला कर्करोग या विषाणूच्या काही जातींमुळे होतो.

एक वेळ अशी आहे जिथे तासांचा हिशेब असतो. जोडीदाराला एचआयव्ही आहे हे कळलं आणि संबंध येऊन ७२ तास उलटलेले नाहीत, तर लागण टाळण्यासाठी २८ दिवसांचं औषध सुरू करता येतं. जितकं लवकर तितकं चांगलं. अशा वेळी सोमवारच्या ओपीडीची वाट न बघता मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जावं.

सांगायचं कसं

रस्ते तीन आहेत. पहिला, पेशंटने स्वतः सांगायचं. आपल्याकडे बहुतेक वेळा हाच वापरला जातो. दुसरा, पेशंटच्या परवानगीने समुपदेशक किंवा डॉक्टर जोडीदाराला बोलावून सांगतात. तिसरा मधला आहे. पेशंटला ठराविक दिवसांची मुदत दिली जाते, तेवढ्यात त्याने सांगितलं नाही तर त्याच्या संमतीने दवाखाना पुढाकार घेतो. दोघांना समोर बसवून समुपदेशकाने बोलणं, हाही एक मार्ग आहे आणि ग्रामीण भागात तो चांगला चालतो. बाहेरच्या माणसाच्या तोंडून, खुर्चीवर बसून ऐकलं की आवाज चढत नाही. एचआयव्हीच्या बाबतीत जोडीदाराला कळवायला आरोग्य कर्मचाऱ्यांनी अशी मदत करावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये केली.

स्वतः सांगायचं ठरलं तर वेळ आणि जागा बघावी. दारू पिऊन आल्यावर नको, पाहुणे असताना नको, सासू स्वयंपाकघरात असताना तर नकोच. पहिल्या वाक्यात कबुली किंवा आरोप न आणता डॉक्टरांचा निरोप आणावा. नवरा म्हणू शकतो, 'अगं, मला इन्फेक्शन झालंय. डॉक्टर म्हणाले हे जोडीने तपासावं लागतं, एकट्याने औषध घेऊन जात नाही. बुधवारी माझ्याबरोबर चल.' बायको म्हणू शकते, 'अहो, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोघांनी गोळ्या घेतल्याशिवाय माझा त्रास थांबायचा नाही. पुढे मूल राहायलाही अडचण येते.' यात खोटं काही नाही. उपचार न झालेला परमा आणि क्लॅमिडिया गर्भनळ्यांपर्यंत पोचून वंध्यत्व आणू शकतो आणि पुरुषाच्या बीजनलिकेलाही सूज आणू शकतो. बाकीचं बोलणं दोघांनी औषध घेतल्यावर होऊ शकतं. भांडण आठवडाभर पुढे ढकललं तर बिघडत नाही, औषध ढकललं तर बिघडतं.

रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवू नये. गावात फोन एकाचा नसतो, पोरं गेम खेळतात, दीर रिचार्ज मारतो. सॅन फ्रान्सिस्कोत २००४ मध्ये 'इनस्पॉट' नावाची सोय निघाली होती. तिथून नाव न सांगता जोडीदाराला ई-कार्ड पाठवता यायचं. शहरातल्या एकट्या राहणाऱ्या माणसाला ते सोयीचं असेल. शिरूर-बारामतीच्या घरात निनावी मेसेज आला, तर तो कुणी पाठवला याच्या चौकशीतच चार दिवस जातील. त्यापेक्षा दवाखान्याची चिठ्ठी बरी. 'या व्यक्तीस तपासणीसाठी पाठवत आहे' एवढाच मजकूर ठेवा, आजाराचं नाव लिहू नका, असं डॉक्टरांना सांगता येतं.

आणखी एक चूक फार होते. लाज वाटते म्हणून नवरा आपल्याच गोळ्या अर्ध्या बायकोला देतो, कधी 'ताकदीच्या आहेत' असं सांगून. त्यामुळे दोघांचाही कोर्स अपुरा पडतो आणि जंतू औषधाला दाद देईनासा होतो. परम्यावर पूर्वी हमखास चालणारी सिप्रोफ्लॉक्सासिन याच प्रकारे निकामी झाली. शिवाय बायको गरोदर असेल किंवा तिला एखाद्या औषधाची ॲलर्जी असेल, तर गोळी बदलावी लागते. दोघांचं औषध पूर्ण झाल्यावरही सात दिवस संबंध टाळायचे. सिफिलीसची जखम असेल तर ती पूर्ण भरेपर्यंत.

मारहाणीची भीती असेल तर

प्रत्येक घरात सांगणं सुरक्षित नसतं. ज्या बाईला मार खावा लागेल, घराबाहेर काढलं जाईल किंवा मुलं हिसकावली जातील, तिने एकटीने सांगू नये. समुपदेशकाला ही भीती पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावी. कायदाही तिच्या बाजूने आहे.

एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ चा आहे आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार चाचणी संमतीशिवाय करता येत नाही आणि निकाल संमतीशिवाय कुणाला सांगता येत नाही. जोडीदाराबाबत कलम ९ वेगळी वाट ठेवतं, पण अटी घालून. फक्त डॉक्टर किंवा समुपदेशकच जोडीदाराला सांगू शकतो. जोडीदाराला लागणीचा मोठा धोका आहे असं त्याला सकारण वाटलं पाहिजे, पेशंटला स्वतः सांगण्याबद्दल समुपदेशन झालेलं असलं पाहिजे, तरीही तो सांगणार नाही अशी खात्री झाली पाहिजे, आणि 'आता मी सांगणार आहे' हे पेशंटला आधी कळवलं पाहिजे. सांगायचं तेही समोरासमोर आणि जोडीदाराचं समुपदेशन करून. पेशंट बाई असेल आणि सांगितल्याने तिच्यावर, तिच्या मुलांवर किंवा जवळच्यांवर हिंसा होईल, तिला टाकून दिलं जाईल, अशी रास्त भीती असेल, तर तिच्या जोडीदाराला सांगायला हा कायदा मनाई करतो. कलम १० लागण झालेल्या प्रत्येकावर पुढे लागण होऊ न देण्याची जबाबदारी टाकतं. संबंधाआधी सांगणं किंवा कंडोमसारखी काळजी घेणं त्यात येतं. तिथेही हिंसेची भीती असलेल्या बाईला सूट आहे.

हा कायदा फक्त एचआयव्हीचा. परमा-गरमीसाठी वेगळा कायदा नाही. तिथे डॉक्टरांच्या व्यवसायाचे २००२ चे नियम लागतात. पेशंटचं गुपित फोडायचं नाही, पण एखाद्या ठराविक व्यक्तीला गंभीर धोका असेल तर अपवाद आहे, असं ते सांगतात. सर्वोच्च न्यायालयानेही १९९८ मध्ये 'मिस्टर एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड' या खटल्यात गोपनीयतेचा हक्क अमर्याद नसल्याचं म्हटलं होतं. तिथे प्रश्न ठरलेल्या लग्नातल्या मुलीच्या जिवाचा होता. आजार माहीत असून मुद्दाम किंवा बेफिकिरीने पसरवणाऱ्याला भारतीय न्याय संहितेची कलमं २७१ आणि २७२ आहेत. ती पूर्वी भारतीय दंड संहितेत २६९ आणि २७० म्हणून होती.

घरात मारहाण होत असेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन आणि तातडीला ११२ आहे. पेशंट १८ वर्षांखालचा असेल तर गोष्ट वेगळी होते. पॉक्सो कायद्याप्रमाणे डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं. उपचार मात्र त्यासाठी थांबवता येत नाहीत.

जायचं कुठे

पुणे शहरात ससून रुग्णालयाचा त्वचा व गुप्तरोग विभाग, औंधचं जिल्हा रुग्णालय आणि पिंपरीचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय ही मोठी सरकारी ठिकाणं आहेत. तिन्हीकडे एचआयव्हीच्या औषधांची एआरटी केंद्रंही आहेत. तालुक्यात ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात आयसीटीसी म्हणजे समुपदेशन व चाचणी केंद्र विचारावं. गुप्तरोगांच्या सरकारी दवाखान्यांना 'सुरक्षा क्लिनिक' असं नाव दिलेलं आहे. तपासणी आणि औषध मोफत असतं. तक्रारीनुसार औषधांची सात रंगांची पाकिटं ठरवलेली आहेत, राखाडी, हिरवं, पांढरं, निळं, लाल, पिवळं आणि काळं. त्यामुळे नर्सबाई 'राखाडी किट' म्हणाल्या तर गोंधळून जाऊ नये. जोडीदारासाठी कुठलं किट, हे त्याच वेळी विचारून घ्यावं.

आपल्या गावच्या दवाखान्यात ओळखीचे लोक असतात, तिथे गेलो तर बोभाटा होईल, ही भीती अगदीच खोटी नाही. भोरचा माणूस औंधला किंवा दौंडचा माणूस ससूनला जाऊ शकतो, तालुक्याची अट नाही. आधी नुसतं विचारायचं असेल तर १०९७ हा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर मोफत आहे.

ज्यांचे जोडीदार पुन्हा सापडणारे नसतात त्यांचं काय, हा प्रश्न बुधवार पेठेत रोजचा आहे. गिऱ्हाइकाचं नाव-गाव कुणाला माहीत नसतं. तिथे जोडीदाराला कळवण्याऐवजी नियमित तपासणी आणि कंडोम यावरच भर द्यावा लागतो. देहविक्री करणाऱ्या महिलांचा 'सहेली संघ' पुण्यात हे काम करत आला आहे. पुरुषांशी संबंध असलेल्या पुरुषांसाठी 'समपथिक ट्रस्ट'ने पुण्यात बरंच काम केलं आहे. यातले कित्येक जण लग्न झालेले असतात, म्हणजे कळवायचं दोन ठिकाणी असतं, आणि एका ठिकाणी सांगताना दुसरं उघड होईल ही धास्ती असते. समुपदेशकाला आजाराबद्दलच बोलायला सांगता येतं, तो कुणाकडून आला याबद्दल नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सज्ञान पुरुषांचे संमतीचे संबंध गुन्हा राहिलेले नाहीत, त्यामुळे दवाखान्यात खरं सांगायला कायद्याची भीती नको.

घरात गरोदर बाई असेल तर

इथे मात्र एक दिवसही घालवू नये. आईला सिफिलीस असेल आणि उपचार झाले नाहीत, तर गर्भपात, पोटात बाळ दगावणं किंवा बाळाला जन्मतः आजार, यातलं काहीही होऊ शकतं. पेनिसिलिनच्या इंजेक्शनने ते टळतं, आणि बाळाच्या दृष्टीने ते बाळंतपणाच्या किमान ३० दिवस आधी मिळायला हवं. आजार किती जुना आहे यावर एक इंजेक्शन की आठवड्याच्या अंतराने तीन, हे ठरतं. तीन सांगितली असतील तर मधलं चुकवायचं नाही.

पण तिला सातव्या महिन्यात इंजेक्शन दिलं आणि नवऱ्याची तपासणीच झाली नाही, तर आठव्या महिन्यात तिला पुन्हा लागण होऊ शकते आणि तेव्हा वेळ हातात राहत नाही. म्हणून नवरा चाकणच्या कंपनीत शिफ्टला असो, ट्रकवर असो की ऊसतोडीला बाहेर गेलेला असो, त्याला फोन करून बोलावून घ्यावं. तो जिथे असेल तिथल्या सरकारी रुग्णालयातही तपासणी होते, गावी यायलाच पाहिजे असं नाही. तोपर्यंत संबंध बंद. इंजेक्शननंतर पहिल्या २४ तासांत कधी कधी थंडी वाजून ताप येतो, अंग दुखतं. जंतू मरताना असं होतं, त्याला रिॲक्शन समजून पुढचं इंजेक्शन टाळलं जातं. गरोदर बाईला अशा वेळी पोटात कळा आल्या किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर लगेच दवाखान्यात न्यावं. पुढे सहा महिन्यांनी आणि वर्षाने दोघांचं रक्त पुन्हा तपासतात. त्या तारखा बाळाच्या लसीकरणाच्या कार्डाबरोबरच लिहून ठेवता येतात.